केयिफ म्हणजे आपला कैफच का?

प्रश्न असा आलाय की तुर्कस्तानात गाडीने फिरताना साफ्रानबोलूला मुक्काम केला, त्या दिवशी किल्लीला हातच लावायचा नाही असं ठरवलं, आणि सकाळी बाहेर पडताना घरमालकीण मावशी हसून "केयफिनिझे बाकिन" म्हणाल्या, तर ह्यातलं केयिफ म्हणजे आपला कैफ का, आणि तसं असेल तर मावशी सकाळी सकाळी नशेचं काय बोलत होत्या, आणि नसेल तर मराठीत त्याला काय म्हणायचं?

शब्द तोच आहे, पण मावशी नशेचं बोलत नव्हत्या :)

मूळ अरबी. अरबीत कैफ म्हणजे चक्क "कसं". त्यावरून कैफियत म्हणजे एखादी गोष्ट कशी आहे ते, तिची अवस्था. आपल्याकडे कैफियत फारसीतून, सरकारी दप्तराच्या वाटेने आली त्यामुळे ती हकिगत झाली, गावांच्या नि घराण्यांच्या कैफियती लिहिल्या गेल्या, आणि आजही आपण कुणापुढे तरी कैफियत मांडतो. तुर्कीत तोच शब्द केयफियेत होऊन बसलाय. कैफचं मात्र असं झालं की अवस्था वरून चांगली अवस्था, तरतरीत अवस्था, आणि मग भांग-अफूने येणारी अवस्था. मराठीने हे शेवटचं टोक धरलं, म्हणून आपल्याकडे कैफ चढतो, सत्तेचा कैफ असतो, यशाचा कैफ उतरतो, आणि त्यात नेहमी थोडी काळजी किंवा नापसंती असतेच. तुर्कीतही ती नशा पूर्ण गेलेली नाही, थोडीशी चढलेल्या माणसाला चाकिरकेयिफ म्हणतात. पण रोजच्या बोलण्यात तुर्कांनी मधलं टोक धरलंय, चांगली अवस्था, मजेत असणं.

मी स्वतः साफ्रानबोलूला असाच एक दिवस काढलाय, इस्तंबूलहून साधारण चारशे किलोमीटर गाडी हाणून पोचलो होतो आणि पाठ बोलत होती. तिथली जुनी लाकडी घरं, वरचा मजला रस्त्यावर पुढे काढलेला, हे सगळं १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण मला आधी आठवतो तो तिथला नाश्ता. नाश्त्याला शब्द काह्वाल्ति, म्हणजे कॉफीच्या आधी पोटात घालायचं ते. चीज, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, मध, साय, अंडी, ब्रेड असं टेबल भरून येतं, आणि सगळं खाऊन झाल्यावर, पोट भरलंय, कुठे जायचं नाहीये, तेव्हा जो आणखी एक चहा येतो ना बारीक कंबरेच्या ग्लासातून, त्याला खास नाव आहे, केयिफ चायी! भुकेसाठी नाही, झोप उडवण्यासाठी नाही, नुसता केयिफसाठीचा चहा. मला ह्या एका शब्दातून केयिफ जेवढा कळला तेवढा डिक्शनरीतून कळला नसता.

दुपारी तिथल्या जिंजी हमाममधे गेलो, सतराव्या शतकातला आहे आणि अजून चालू आहे. मधल्या गरम दगडावर पडून राहायचं आणि मग तिथला माणूस हातात खरखरीत पिशवी चढवून अंग घासतो. त्या पिशवीला केसे म्हणतात, फारसी कीसा, म्हणजे आपला खिसाच! पिशवी, बटवा, खिसा असा तो अर्थ फिरलाय. मग संध्याकाळी निखाऱ्यावर केलेली कॉफी, सोबत लोकुम ही तिथली मऊ मिठाई, आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा मोडक्यातोडक्या इंग्रजीत गप्पा मारायला आले. गप्पांना तुर्कीत सोहबेत, आणि हा आपला सोबत शब्द आहे, अरबी सुहबत. त्यांच्याकडे सोबत म्हणजे बोलणं, आपल्याकडे नुसतं बरोबर असणं. पैसे द्यायला गेलो तर आजोबांनी देऊ दिले नाहीत, मी मिसाफिर होतो म्हणे. अरबीत मुसाफिर म्हणजे प्रवासी, आपणही तसंच म्हणतो, पण तुर्कांनी त्याचा पाहुणा केला, दारात आलेला प्रवासी तो पाहुणाच असं बहुतेक त्यामागे असावं, मला फार आवडतं हे. आणि त्यांची प्रसिद्ध म्हण आहे की एका कप कॉफीची हातिर चाळीस वर्षं राहते. हातिर म्हणजे खातिर, इथे कदर, आठवण ह्या अर्थाने, आपण "तुझ्याखातर" म्हणतो तीच खातर.

आता तुमचा खरा प्रश्न, मराठीत काय म्हणायचं. मजा हा शब्द जरा उथळ पडतो, आराम म्हणजे नुसतं पडून राहणं वाटतं, निवांतपणा जवळ येतो पण त्यात चव नाही. गोव्याचं सुशेगाद कुणीतरी सुचवेलच, ते मलाही प्रिय आहे, पण ती राहण्याची एकूण रीत झाली, केयिफ तासाभराचाही असू शकतो.

माझं मत विचाराल तर तब्येत. विचित्र वाटेल पण बघा. तुर्कीत "केयफिम येरिंदे" म्हणजे शब्दशः माझा केयिफ जागेवर आहे, मी छान आहे. केयिफसिझ म्हणजे केयिफ नसलेला, म्हणजे उदास, पण त्याचाच दुसरा अर्थ जरा बरं नसलेला, आजारी. आपल्याकडे तब्येतीचं हेच आहे, "आज तब्येत बरी नाही" हेही म्हणतो आणि चांगलं गाणं ऐकून "तब्येत खूश झाली" हेही म्हणतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "तब्येतीत" हे क्रियाविशेषण आपल्याकडे आहे. तब्येतीत जेवला, तब्येतीत चहा घेतला, तब्येतीत गायला. घाई नाही, रस घेऊन, स्वतःच्या लयीत. शरीर आणि मन दोन्ही एकाच शब्दात, अगदी केयिफसारखं. गंमत म्हणजे तब्येतही अरबीच, आणि तुर्कीत ती ताबियात होऊन निसर्ग आणि स्वभाव ह्या अर्थांनी राहिलीये.

सगळीकडे मात्र हे चालणार नाही. "केयफिन बिलिर", तुझा केयिफ जाणे, म्हणजे "तुझी मर्जी", तिथे तब्येत घालू नका. आणि तुर्की बातमीत केयफी निर्णय वाचलात तर तो मनमानी निर्णय, त्यात सुख कुणालाच नसतं.

मावशींचं वाक्य शब्दशः "तुमच्या केयिफकडे बघा" असं आहे, घाई करू नका, बाकीचं सोडा. मी मराठीत करीन "तब्येतीत होऊ द्या". पुढच्या वेळी कुणी म्हणलं तर "तेशेक्कुर एदेरिम" म्हणा, आभारी आहे, आणि आणखी एक चहा मागवा.