स्किझोफ्रेनिया असलेला माणूस तुरुंगात सुधारतो का?

चुलतभाऊ अटकेत आहे आणि घरचे म्हणतायत ‘थोडे दिवस आत राहू दे, वठणीवर येईल’, असं तुम्ही लिहिलंय. वठणीवर येणार नाही. बिघडेल, आणि झपाट्याने बिघडेल.

माझ्या धाकट्या भावाला एसटी स्टँडवरच्या मारामारीत अटक झाली तेव्हा आमचे थोरले मामा हेच बोलले होते. मामांच्या शब्दापुढे घरात कोणी जात नाही, त्यामुळे जामिनाचा अर्ज रखडला. भावालाही स्किझोफ्रेनिया, त्यावरचं क्लोझापिन हे औषध त्याला चालू होतं. ते दोन दिवसांहून जास्त बंद पडलं तर आधीच्या डोसवर परत सुरू करता येत नाही, साडेबारा मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवावं लागतं. मी गोळ्या घेऊन गेले, तर बाहेरचं औषध चालत नाही म्हणून गेटवरूनच परत पाठवलं. मुलाकातीला तो काचेपलीकडे आला, इंटरकॉमचा रिसीव्हर कानाला लावला आणि माझा आवाज ऐकताच दचकून खाली ठेवला. मी खुणा करत राहिले, तो मानेने नाही म्हणत राहिला. डोक्यात आधीच आजारामुळे ऐकू येणारे इतके आवाज होते, त्यात माझा खरा कुठला हे त्याला कळेना. रात्री ओरडतो म्हणून बराकीत मार खाल्लेला, मग एकट्याला कोठडीत ठेवलेलं. अशा माणसाला एकटं कोंडणं म्हणजे त्या आवाजांच्याच ताब्यात देणं.

कायदा आहे हो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, कलम १०३: प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय हवी. वकिलाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६९ दाखवा, मनोरुग्ण आरोपीला खटल्याआधी सोडण्याची तरतूद त्यात आहे. जुनी केस-फाइल आणि प्रिस्क्रिप्शन कोर्टातच द्या, म्हणजे औषधाचा आदेश मागता येईल.

सगळीकडे असंच असतं असं नाही, काही तुरुंगांत डॉक्टर नियमित येतात, औषधंही मिळतात. गुन्हा गंभीर असेल तर जामीनही सोपा नाही.

पण ‘थोडे दिवस’ म्हणणाऱ्यांना आसामचे मचांग लालुंग सांगा. १९५१ साली पकडले, मनोरुग्णालयात पाठवले, बरे झाल्यावर परत तुरुंगात, सुटले ते २००५ साली. खटला कधी चाललाच नाही. घरातले मोठे रागावले तर रागावू देत, अर्ज उद्याच टाका. आमच्या मामांना विचारत बसले नसते तर भावाचा डोस तुटला नसता, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलंय.