अमेरिकेत मुलीकडे कायमचं जायचंय, इथले पैसे बघायला पुतण्याला कुलमुखत्यारपत्र द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वय ६६, मुलगी न्यू जर्सीत सिटिझन आहे, ती म्हणते ग्रीन कार्ड घे, तुम्हाला वाटतंय व्हिजिटर व्हिसावर ये-जा केलेली बरी, आणि पेन्शन-एफडी बघायला पुतण्याच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करावं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. करू नका.

मी झेडपीची शिक्षिका, सातारा जिल्ह्यातली. मिस्टर गेले, मी रिटायर झाले आणि मुलीने बोलावून घेतलं, ग्रीन कार्डवर. निघायच्या आधी माझे दीर वकिलाकडून टाइप केलेला स्टॅम्प पेपर घेऊन घरी आले, म्हणाले वहिनी इथं आणि इथं सही करा, मग तुम्ही तिकडं निर्धास्त. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्यात, वाचल्याशिवाय सही करत नाही, पेन्सिल घेऊन बसले. वरती बँकेची खाती चालवणे वगैरे ठीक होतं, पण खाली 'मिळकत विक्री करणे, गहाण ठेवणे, मोबदला स्वीकारून पावती देणे' हेही होतं आणि मिळकत कुठली तर 'सर्व स्थावर व जंगम'. म्हणजे शेतातला माझा हिस्सा, राहता फ्लॅट, सगळंच आलं की त्यात. मी रेघ मारून विचारलं, भाऊजी, लाइटबिल भरायला जमीन विकायचा अधिकार कशाला लागतो? तर म्हणे नमुनाच असा असतो. मग नमुना बदलून आणा म्हटलं. ते काही बदलून आलं नाही आणि तेव्हापासून सगळ्या भावकीत एकच वाक्य फिरतंय, 'वहिनींचा घरच्यांवर विश्वास नाही.'

बँकेत गेले तर तिथेही तेच. काउंटरवरचे साहेब म्हणाले, मॅडम, सेव्हिंग खातं आहे तसंच राहू द्या, एनआरओ (म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं) केलंत की टीडीएस कापला जाईल, उगाच कशाला. कायमचं राहायला बाहेर गेलं की परकीय चलनाच्या फेमा कायद्याने साधं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही, ते एनआरओ करावंच लागतं, हे त्यांना माहीत असणारच ना. टीडीएसचं त्यांचं म्हणणं खरं आहे, एनआरओ एफडीच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस, 'टीडीएस कापू नका' हा ज्येष्ठांचा फॉर्म भरून सुटका नाही. पण भारत-अमेरिका कर करारात व्याजावर १५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यासाठी अमेरिकेतून टॅक्स रेसिडेन्सीचं सर्टिफिकेट मागवायचं, भारतातल्या इन्कम टॅक्स खात्याचा त्यासाठीचा फॉर्म भरायचा, आणि भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट अमेरिकेतल्या रिटर्नमध्ये घ्यायचं. कटकट आहे, नाही म्हणत नाही. पण रोज धाकधूक घेऊन जगण्यापेक्षा बरी.

आता खरी गंमत नाही, खरा त्रास सांगते. सासूबाई, दीर आणि मी अशा तीन नावांचं एक खातं आहे, त्यात उसाचं बिल जमा होतं. मी त्यातला एक रुपया कधी काढलेला नाही. पण अमेरिकेत एफबार नावाचा रिपोर्ट असतो, देशाबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एखाद्या दिवशी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर सगळी खाती दाखवायची, जॉइंट असलं तरी तुमच्या वाट्यापुरतं नाही, अख्ख्या खात्याचा वर्षातला सगळ्यात मोठा आकडा. टॅक्स लागत नाही त्याला, नुसती माहिती, १५ एप्रिल तारीख आणि ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते, पण नाही भरलं तर दंड भयंकर. मी दिरांकडे फक्त पासबुकाचा फोटो मागितला. तर फोनवर आवाज चढवून, 'माझ्या उसाचा हिशोब अमेरिकेला कशाला?' पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा बँकेत अर्ज देऊन माझं नाव काढून घेतलं, तर त्यावरही भावकीत चर्चा, की वहिनी घरातून फुटल्या. म्हणून सांगते, अशी नावापुरती जॉइंट खाती विमानात बसायच्या आधी निस्तरा.

म्युच्युअल फंडही निघायच्या आधीच विकून टाका. अमेरिकेत ते पीएफआयसी, म्हणजे किचकट टॅक्सची परदेशी गुंतवणूक, म्हणून धरतात, फंडागणिक वेगळा फॉर्म ८६२१, सीपीएची (म्हणजे तिथल्या सीएची) फीच नफा खाते. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतो, पुढे वाढवता येत नाही. सीनियर सिटिझन स्कीममध्ये नवीन पैसे घालता येत नाहीत. पेन्शन चालू राहते, फक्त हयातीचा दाखला नोव्हेंबरात विसरू नका, न्यूयॉर्कच्या आपल्या कॉन्सुलेटमधून मिळतो.

ग्रीन कार्ड की व्हिजिटर, हे मुलीशी बसून ठरवा, पण व्हिजिटरवर टॅक्सचं झंझट नाही असं जे सगळे सांगतात ते अर्धवट आहे. यंदाचे पूर्ण दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याच्या आधीच्या वर्षीचे एक षष्ठांश, बेरीज १८३ झाली की तुम्ही टॅक्सपुरत्या रेसिडेंट. दरवर्षी पाच-साडेपाच महिने राहिलात की झालात. माझं खरं घर भारतातच आहे असं सांगणारा फॉर्म ८८४० भरून सुटता येतं, पण यंदाचेच दिवस १८३ च्या आत असतील तरच. उलट ग्रीन कार्ड घेऊन गावी वर्षच्या वर्ष राहायचं हेही चालत नाही, वर्षापेक्षा जास्त बाहेर राहायचं तर आधी अमेरिकेत असतानाच री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. आणि मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, ५ वर्षं सलग राहिल्याशिवाय नाही, तोवर इन्शुरन्सचा हप्ता कोण भरणार हे मुलीला आणि जावयाला, दोघांना समोर बसवून विचारा. संकोच करू नका.

पुतण्या चांगला असेल, नाही म्हणत नाही. मग त्याला एनआरओ खात्यावर मँडेट, म्हणजे खातं चालवायची बँकेतली परवानगी, द्या, बिलं भरण्यापुरतं. घरभाड्याचा करार वगैरे निघाला तर त्या एका कामापुरतं विशेष मुखत्यारपत्र करा, ते अमेरिकेतूनही होतं, नोटरी, मग तिथल्या राज्य सरकारचं अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का), आणि भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत तिकडे स्टॅम्प ड्युटी. मी फ्लॅटसाठी माझ्या भाचीला असंच दिलंय आणि ते व्यवस्थित चाललंय. भाची घरचीच आहे. तेव्हा विश्वास नाही हे म्हणणं मुळातच खोटं आहे, माझा विश्वास त्या कागदावर नव्हता आणि आजही नाही, आणि हे आमच्या भावकीतल्या कुणी वाचलं तर वाचू दे.

मी सीए नाही. सरकारी पेन्शन, खाजगी पेन्शन, राज्याचा टॅक्स यात फरक पडतात, त्यामुळे दोन्ही देशांचं रिटर्न करणारा माणूस पहिल्या वर्षी तरी गाठाच, आणि तो मुलीने नाही, तुम्ही निवडा.