केल्ब ताल-फेनेक: ‘फॅरो हाउंड’ म्हणतात तो माल्टाचा शिकारी कुत्रा

उंच पाय, उभे मोठे कान आणि तांबूस अंग असलेल्या ‘फॅरो हाउंड’चा फोटो देऊन तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांत दिसतो तो कुत्रा हाच का? आणि आपल्या मराठवाड्यातल्या कारवानी या शिकारी कुत्र्याशी याचं काही नातं आहे का? दोन्हींचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पहिल्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या नावामुळे एका चांगल्या कुत्र्याची आणि त्याला सांभाळणाऱ्या लोकांची ओळख पार पुसली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा कुत्रा भूमध्य समुद्रातल्या माल्टा या बेटांच्या देशाचा. तिथे त्याला ‘केल्ब ताल-फेनेक’ म्हणतात. माल्टी भाषा अरबीच्या कुळातली, फक्त लिहितात रोमन लिपीत. केल्ब म्हणजे कुत्रा, फेनेक म्हणजे ससा. सशांचा कुत्रा, बस्स. ‘फॅरो’, म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा, हे नाव इंग्रजांकडचं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, माल्टा अजून ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, माल्टा आणि गोझो या बेटांवरून काही कुत्रे इंग्लंडला नेले गेले. १९६३ साली तिथे त्यांची पिल्लं झाली. पुढे डॉग शोच्या जगात ‘फॅरो हाउंड’ हेच नाव पक्कं झालं. आंतरराष्ट्रीय नोंदीत मूळ देश म्हणून माल्टाच लिहिलेला आहे, तरी नाव मात्र इजिप्तच्या राजाचं.

आता चित्रांबद्दल. प्राचीन इजिप्तमध्ये उभ्या कानांचा, सडपातळ शिकारी कुत्रा होता, हे खरं आहे. त्याला ‘त्सेम’ म्हणत. पण चित्रांत त्याची शेपटी बहुतेक वेळा पाठीवर घट्ट वळलेली दिसते. केल्बची शेपटी चाबकासारखी लांब, निमुळती असते. उत्साहात तो ती वर उचलतो, पण तिची अशी गुंडाळी होत नाही. प्राचीन काळच्या फिनिशियन या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी हे कुत्रे इजिप्तहून माल्टात आणले, ही कथा सगळीकडे वाचायला मिळते. फिनिशियन लोक माल्टात होते याबद्दल वाद नाही, पण त्यांच्या जहाजांत हे कुत्रे होते याला पुरावा नाही. २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ८५ जातींच्या कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सालुकी, अफगाण हाउंड, बासेंजी या जाती त्यात खरोखर जुन्या गटात आल्या. फॅरो हाउंड आणि स्पेनच्या इबिझा बेटावरचा त्याचा भाऊबंद त्या गटात आले नाहीत. आजची त्यांची जात अलीकडच्या काळात घडली असावी, असा निष्कर्ष निघाला.

मला स्वतःला याहून जास्त पटणारं कारण ससा आहे. मराठीत आपण सगळ्यांना ससाच म्हणतो, पण हे दोन वेगळे प्राणी आहेत. आपल्या माळरानावरचा ससा बीळ करत नाही. तो गवतात दबून बसतो आणि उठला की मोकळ्या रानात पळत सुटतो. इजिप्तच्या वाळवंटातला ससाही याच प्रकारचा. बिळात कळपाने राहणारा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, आणि माणसानेच तो भूमध्य समुद्रातल्या बेटांवर नेला. केल्बचं सगळं कसब या बिळातल्या सशासाठी आहे. फॅरोंच्या इजिप्तमध्ये त्याला त्याचं कामच मिळालं नसतं.

ते काम कसं चालतं ते बघा. माल्टात जंगल जवळजवळ नाहीच. चुनखडीचा खडक, पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्यांच्या कडेने कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुन्यामातीशिवाय नुसता दगडावर दगड रचून केलेल्या भिंती. ससा राहतो या भिंतींच्या फटींत आणि खडकाच्या कपारींत. शिकार बहुधा रात्री. कुत्री वास घेत, कान टवकारून भिंतीच्या कडेने फिरतात. ससा आत आहे हे कळलं की भुंकून मालकाला बोलावतात. मग बाकीच्या तोंडांवर जाळी लावायची आणि गळ्यात घुंगरू बांधलेलं फेरेट आत सोडायचं. फेरेट म्हणजे लांबोळक्या अंगाचा, पाळलेला छोटा शिकारी प्राणी. ससा बाहेर उसळला की जाळ्यात सापडतो, नाहीतर कुत्र्याच्या तोंडात. म्हणजे या कुत्र्याला नाक, कान, डोळे तिन्ही लागतात, शिवाय दगडांवरून उड्या मारण्याची चपळाईही. त्याचे ते प्रचंड कान शोभेचे नाहीत. भिंतीच्या आतली खसखस त्यांनाच ऐकू येते.

लिखित नोंदही आहे. जोव्हान्नी फ्रान्चेस्को आबेला यांनी १६४७ साली माल्टाचं वर्णन करणारा इटालियन ग्रंथ लिहिला. त्यात सशांच्या शिकारीसाठी नावाजलेल्या आणि पार फ्रान्सपर्यंत मागणी असलेल्या ‘चेर्नेकी’ कुत्र्यांचा उल्लेख आहे. शेजारच्या सिसिली या इटलीच्या बेटावर एटना ज्वालामुखीच्या उतारांवर असाच, जरा लहान चणीचा कुत्रा आहे, त्याचं नाव ‘चिर्नेको’. सिसिली माल्टापासून शंभर किलोमीटरही नाही. नातं शोधायचं तर इथे शोधावं.

ससा तिथल्या सामान्य माणसाच्या किती जिव्हाळ्याचा, तेही सांगायला हवं. रश्श्यात शिजवलेला ससा हा माल्टाचा राष्ट्रीय पदार्थ मानतात. अठराव्या शतकात बेटांवर सेंट जॉन या ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या सरदारांचं राज्य होतं. त्यांचे प्रमुख हिमेनेस यांनी सशांच्या शिकारीवर बंदी घातली, तेव्हा लोक भयंकर चिडले. १७७५ साली धर्मगुरूंनी जे बंड केलं, त्यामागच्या असंतोषात ही बंदीही होती. ‘सशांचा कुत्रा’ या नावात शेतकऱ्याच्या ताटातला हा घास आहे. त्या जागी राजाचं नाव लावणं मला अन्याय वाटतो.

दिसण्याबद्दल एकच. नर साधारण ५६ ते ६३ सेंटिमीटर उंच, मादी थोडी कमी. अंगात काळा रंग नाहीच, त्यामुळे नाक मांसाच्या रंगाचं आणि डोळे मधासारखे. आनंद झाला की नाक आणि कानांची आतली बाजू लालसर गुलाबी होते. फोटोत तुम्हाला ‘कान लाल का?’ असं वाटलं असेल तर त्याचं कारण हे. आजार नाही.

आता कारवानी. बांधा सारखा दिसतो तो पळण्याच्या गरजेमुळे. आखूड केस आणि लांब पाय उष्ण, मोकळ्या मुलखात दोघांनाही उपयोगी. पण कारवानीचे कान पडलेले असतात आणि तो डोळ्याने शिकार करणारा. माळावर ससा दिसला की सरळ पाठलाग, भिंतीजवळ थांबून वास घेत बसणं त्याचं काम नाही. (आता १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे ही शिकार गुन्हा आहे, तेव्हा कुणी तो प्रयोग करू नये.) कारवानीची जवळीक सालुकीसारख्या पश्चिम आशियातल्या कुत्र्यांशी मानली जाते. नावाचा गोंधळ मात्र त्याच्याही वाट्याला आला आहे: कर्नाटकात मुधोळ, आपल्या मराठवाड्यात कारवानी, आणि नोंदणी करणाऱ्या संस्थाही एकमत नाहीत.

तुम्हाला पुढे वाचायचं असेल तर ‘केल्ब ताल-फेनेक’, सिसिलीचा ‘चिर्नेको’ आणि इबिझाचा ‘पोदेंको’ या तिघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. कान, शेपटी आणि डोक्याची ठेवण नीट पाहिली, तर हे एकाच समुद्राकाठचे भाऊबंद आहेत हे लगेच ध्यानात येईल.