फॉर्म्युला बरोबर, पण व्हायल कुठली होती?

अगं बाय, १० किलोच्या पोराला अमिकासिन, म्हणजे अँटिबायोटिक इंजेक्शन, ७५ एमजी लिहिलेलं, तू १.५ एमएल काढलंस आणि सिनियर सिस्टर म्हणाल्या ०.३, मग चुकलं कोण असं विचारलंयस. तर गणित दोघींचं बरोबर आहे. अमिकासिन १०० एमजीचं येतं, २५० चं येतं, ५०० चं पण, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तिन्हीत २ एमएलच असतं. तू १०० ची व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, धरलीस, ७५ भागिले १०० गुणिले २, झाले १.५. त्यांच्या हातात ५०० ची होती, म्हणून ०.३. त्या व्हायलमधून १.५ ओढलं असतंस तर पोराला ३७५ एमजी गेलं असतं, पाचपट, आणि हे औषध कानावर नि किडनीवर जातं.

माझ्या हातून हेच होता होता राहिलंय. आषाढातली रात्र, लाईट गेलेली, खिडकीतून पाण्याची झड आत येतेय, मावशी मोबाईलचा टॉर्च धरून उभी आणि रोज १०० चीच येते म्हणून मी लेबल न वाचता सिरिंज भरली. सोबतची सिस्टर म्हणाली, जरा मोठ्याने वाच. वाचलं तर ५००. आजही ती भरलेली सिरिंज डोळ्यासमोर येते.

तेव्हापासून मी आधी १ एमएलमध्ये किती ते काढते. ५०० ची २ एमएल म्हणजे १ एमएलला २५०, ७५ तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, मग उत्तर अर्ध्या एमएलच्या आतच यायला हवं, १.५ आलं की हात थांबतो. लहान पोराला एकाहून जास्त व्हायल लागतायत असं दिसलं तरी थांबायचं, फक्त सर्पदंशाची लस सोडून, कारण तिचा डोस वजनावर नाही, विषावर असतो, घोणस चावलेल्या पोराला पण मोठ्या माणसाइतक्याच ८-१० व्हायलने सुरुवात होते, तिथे वजनाने कमी करायला जाऊ नको.

इन्सुलिनला तर सिरिंजसुद्धा बघायची, ४० च्या व्हायलला (१ एमएलला ४० युनिट) लाल टोपीची, १०० च्याला (१ एमएलला १०० युनिट) केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलंस तर ५० युनिट जातात गं.

आणि ०.३ साठी ५ एमएलची सिरिंज वापरू नको, तिच्यावर तेवढं नीट मोजताच येत नाही. १ एमएलची वॉर्डात नसेल तर आजच इंडेंट घाल, म्हणजे स्टोअरकडे मागणी लिही.