कान्हेरी किंवा घारापुरीच्या लेण्यांत नर्तकीला घेऊन 'देह आणि पवित्र जागा' अशी मांडणी केलेली फोटोमालिका करता येईल का?

करता येईल, पण लेखी परवानगी घेऊनच. दोन्ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आहेत. हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सहसा कोणी अडवत नाही. ट्रायपॉड, लाइट किंवा रिफ्लेक्टर आला की मात्र खात्याची परवानगी लागते. हे खात्याच्या 1959च्या नियमांत आहे. खात्याच्या मुंबई मंडळाचं कार्यालय सायनच्या किल्ल्यावर आहे, अर्ज कसा करायचा ते तिथे विचारा. कान्हेरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असल्याने वनविभागालाही विचारावं लागेल. घारापुरी सोमवारी बंद असते.

माझं मत विचाराल तर कान्हेरीच निवडा. घारापुरीत अर्धनारीश्वर, नटराज अशी प्रचंड शिल्पं आहेत, त्यांच्यापुढे जिवंत माणूस सजावटीसारखा दिसतो. कान्हेरीच्या विहारांमधले दगडी ओटे भिक्षूंना टेकायला, झोपायला कोरलेले, म्हणजे देहाच्याच मापाचे. तिथे एक साधी बसलेली आकृतीही पुष्कळ सांगून जाते, आणि हे स्टुडिओत उभं करता येत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: परवानगीत नग्नता गृहीत धरलेली नसते. नग्न चित्र केवळ नग्न म्हणून अश्लील ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली म्हटलं असलं तरी सार्वजनिक जागी केलेल्या अश्लील कृतीचं कलम वेगळं आहे. तसे फोटो हवे असतील तर बंद स्टुडिओतच काढा. अर्जात पेहराव आणि पोझ स्पष्ट लिहा.