नाइटांच्या, म्हणजे युरोपातल्या चिलखतधारी सरदारांच्या, काव्यांतल्या 'लेडी' फक्त सुटका करून घेण्यापुरत्याच असतात का?

नाही. ज्यांनी तुम्हाला हे सांगितलं, त्यांनी मूळ काव्य वाचलेलं नाही, असं मी खुशाल म्हणेन.

एम.ए.ला इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरचं 'द फेअरी क्वीन' हे दीर्घकाव्य होतं. नेमलेला फक्त पहिला भाग. आमच्या एका सरांनी फळ्यावर दोन रकाने काढले: पराक्रम नाइटचा, लेडी निमित्तमात्र. मी उठून ब्रिटोमार्टचं नाव घेतलं. ती तिसऱ्या भागाची नायिका. मर्लिन जादूगाराने घडवलेल्या आरशात तिला तिचा भावी नवरा, आर्टेगल नाइट, दिसतो आणि त्याला शोधायला ती चिलखत चढवून, दाईला बरोबर घेऊन घर सोडते. गायनसारख्या नाइटला भाल्याने घोड्यावरून खाली पाडते. सर म्हणाले, "तो अपवाद. पेपरात लिहू नका."

मी लिहिलं. बुसिरेन मांत्रिकाच्या वाड्याचा अख्खा प्रसंग लिहिला. दारात ज्वाळा. आत कोंडलेल्या प्रेयसीसाठी, अमोरेटसाठी, रडणारा स्कुडामोर नाइट त्यातून जायला बघतो आणि होरपळून मागे येतो. ब्रिटोमार्ट तोंडापुढे ढाल धरते, तलवार रोखते आणि आरपार जाते. आत अमोरेट खांबाला बांधलेली, आणि तो मांत्रिक तिच्याच रक्ताने अक्षरं काढतोय. ब्रिटोमार्ट त्याचा जीव घेणार, तेवढ्यात अमोरेटच तिला थांबवते, कारण त्याचा मंत्र त्याच्याशिवाय कोणाला उलटवता येणार नाही. बांधलेल्या, छातीत जखम असलेल्या बाईचं डोकं तिथे सगळ्यांत शांत आहे! या उत्तराला मला काठावरचे मार्क मिळाले.

बरं, तिसरा भाग सोडा. नेमलेल्या पहिल्या भागात काय आहे? त्या भागाचा नायक रेडक्रॉस नाइट ऑर्गोग्लिओ राक्षसाच्या तळघरात खितपत पडतो, तेव्हा त्याला सोडवायला राजपुत्र आर्थरला तिथवर आणते त्याची लेडी, उना. पुढे 'निराशा' नावाचा म्हातारा गोड बोलून रेडक्रॉसच्या हातात जीव द्यायला सुरी देतो, आणि ती हिसकावून घेते तीही उनाच. हे कुठल्या रकान्यात घालायचं?

आता दुसरी बाजूही सांगतो. फ्लोरिमेल ही दुसरी लेडी तिसऱ्या भागात बहुतेक वेळ जीव मुठीत धरून पळतच असते. आणि १५९६ साली छापलेल्या पाचव्या भागात खुद्द ब्रिटोमार्टच घोटाळा करते. बायकांच्या राज्याची राणी रॅडिगंड हिने आर्टेगलला बायकी कपडे घालून सूत कातायला बसवलेलं असतं. ब्रिटोमार्ट रॅडिगंडला मारून त्याला सोडवते, आणि मग तिथल्या बायकांच्या हातातली सत्ता काढून पुरुषांना देऊन टाकते. एलिझाबेथ राणीला अर्पण केलेल्या काव्यात हे यावं, याचा मला आजही राग येतो. पण त्यावरूनही ती शोभेची बाहुली ठरत नाही.

इतर कवींबद्दल इथे लिहीत बसत नाही. गाइड बाजूला ठेवा आणि तिसऱ्या भागाचे अकरावा-बारावा सर्ग आधी वाचा. तुमचे सर 'अपवाद' म्हणाले तर उनाची सुरी पुढे करा आणि पेपरात बिनधास्त लिहा, मार्क कापले तरी.