चौघांसाठी खाद्यमहोत्सवाचे तिकीट काढावे का? इंदूरपुरते उत्तर

ताई, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : नाशिकहून इंदूरला येऊन वर्ष व्हायचे आहे, येत्या शुक्रवार ते रविवार एका मैदानावर खाद्यमहोत्सव भरतो आहे, तिकीट माणशी ४९९ रुपये, त्यांपैकी २५० रुपयांची कुपने आत गेल्यावर मिळणार, आणि घरात आपण दोघे, सासूबाई व आठ वर्षांचा मुलगा. हा खर्च करावा का? माझे उत्तर असे की चौघांची तिकिटे आज काढू नयेत. स्टॉलची यादी नावांनिशी जाहीर होऊ द्यावी, आणि इंदुरात एरवी न मिळणारे निदान पाच-सहा पदार्थ तीत दिसले तरच पैसे भरावेत. असे का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न पुण्यात विचारला असता तर मी कदाचित उलट सांगितले असते.

आधी हिशेब पाहू. चार तिकिटांचे १,९९६ रुपये होतात आणि त्यांतले १,००० कुपनांतून परत येतात, म्हणजे ९९६ रुपये फाटकावरच राहतात. ऑनलाइन नोंदणीची फी, तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि गाडी लावण्याचे पैसे मिळून आणखी दीडशे धरा. अशा ठिकाणी एका पदार्थाची किंमत सरासरी १३० रुपये पडते असे मानले, तर हजाराच्या कुपनांत सात-आठ पदार्थ येतात. त्यांचे परिमाण मात्र चाखण्यापुरतेच असते, कारण स्टॉलवाल्यालाही जागेचे भाडे किंवा विक्रीतला वाटा आयोजकांना द्यावा लागतो आणि तो त्याला वाढप कमी करून किंवा भाव चढवून वसूल करावा लागतो. चार जणांचे रात्रीचे जेवण म्हणून सोळा-एक प्लेट लागतील. त्यांचे २,०८० रुपये झाले, म्हणजे कुपनांखेरीज आणखी १,०८० खिशातून जाणार. एकूण खर्च सव्वातीन हजारांच्या आसपास जातो. तेवढ्याच सोळा प्लेट छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीत घेतल्या तर माझ्या अंदाजाने तेराशे-चौदाशेंत भागते. म्हणून ४९९ रुपये जास्त की कमी हे ठरवत बसण्यापेक्षा वरच्या अठराशे-एकोणीसशे रुपयांत आपल्याला नेमके काय मिळणार आहे, हे पाहावे.

इंदूरचे वेगळेपण इथेच आहे. ज्या शहरांत रस्त्यावरचे खाणे विखुरलेले असते, तिथे एका आवारात पन्नास स्टॉल मांडणे हीच मोठी सोय ठरते आणि तिच्यासाठी लोक आनंदाने तिकीट काढतात. आपल्याकडे ती सोय फुकट आहे. राजवाड्यामागच्या सराफ्यात दिवसभर सोन्या-चांदीचा व्यापार चालतो, आणि रात्री पेढ्यांची शटरे खाली आली की त्यांच्याच ओट्यांसमोर कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, गराडू, मालपुआ, साबुदाणा खिचडी, रबडी, ताटाएवढा जलेबा, हे सारे दोनशे पावलांच्या आत मिळते आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. द्रोण हवेत उडवून दहीवडा देणारे जोशी आणि चिमटीत धरलेले मसाले एकेक करून सोडण्याची त्यांची हातोटी पाहायला पाहुण्यांना मुद्दाम नेण्याची इथे रीतच आहे. न्यू पलासियातले छप्पन दुकान तर त्याहून सोयीचे, कारण तिथला रस्ता आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, बसायला बाके आहेत आणि संध्याकाळी लहान मूल मोकळे सोडता येते. विजय चाटचे खोपरा पॅटिस आणि जॉनीचा हॉट डॉग खाऊन, शिकंजी पिऊन घरी परतलात तरी साऱ्या कुटुंबाची पोटे भरलेली असतात. (इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत नव्हे, ती आटवलेल्या दुधाची, सुकामेवा घातलेली असते आणि एका पेल्यातच भूक मारते. मुलाला ती शेवटी द्या.) त्यामुळे महोत्सवाच्या यादीत हीच नावे निम्म्याहून अधिक असतील, तर तिकीट काढून आपण आपल्याच गल्लीत प्रवेश विकत घेतो आहोत, असे खुशाल समजावे.

शिवाय मैदानावर हे पदार्थ तसे राहतही नाहीत. भुट्ट्याचा कीस घ्या. कोवळे कणीस किसून हिंग-मोहरीच्या फोडणीत टाकले, वरून दूध घातले आणि ते आटेपर्यंत परतत राहिले की त्याला जो मऊपणा येतो, तो फार वेळ टिकत नाही. सराफ्यात कढईत सतत नवा कीस पडत असतो आणि आपल्या द्रोणात येतो तो काही मिनिटांपूर्वीचा असतो. महोत्सवात मी बहुधा पाहिले आहे ते असे की कीस दुपारीच शिजवून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात, खाली मंद ज्योत ठेवून गरम राखलेला असतो. कडेला त्याची पिवळी खरपुडी धरते, मध्ये गोळे होतात, आणि वाढणारा मुलगा त्यावर खोबरे, कोथिंबीर व जीरावण (इंदुरी मसाल्याची पूड) जरा जास्तच भुरभुरून वेळ मारून नेतो. गराडूचेही असेच आहे. कोनफळाच्या जातीचा हा कंद थंडीतला. त्याचे तुकडे आधी तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा कडक तळून लिंबू व मसाला मारून देतात. उन्हाळ्यातल्या महोत्सवाच्या फलकावर ताजा गराडू लिहिलेला दिसला, तर बाकीच्या फलकावर कितपत विश्वास ठेवायचा हे आपोआप कळते.

मग पैसे कशासाठी द्यावेत? माझ्या मते बाहेरगावाहून आलेल्या हातांसाठी, आणि जे हात एरवी दुकान थाटत नाहीत त्यांच्यासाठी. लखनौचा, हैदराबादचा किंवा अमृतसरचा स्वयंपाकी स्वतः येऊन शेगडीपाशी उभा राहणार असेल, तर रेल्वेच्या तिकिटापेक्षा हे तिकीट स्वस्तच पडते. पण फलकावर शहराचे नाव असणे आणि त्या शहरातला माणूस असणे यांत पुष्कळ अंतर आहे. कित्येकदा सगळे फलक एकाच स्थानिक केटररचे निघतात, आणि लखनवी कबाब व राजस्थानी कचोरी एकाच कढईच्या तेलातून वर येतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. जाहिरातीत दुकानांची व स्वयंपाक्यांची नावे छापलेली असतील, तर आयोजकांनी खरोखर कुणाला तरी बोलावले आहे. नुसते ‘साठ स्टॉल, दोनशे पदार्थ’ असे आकडे असतील, तर फोन करून विचारावे, आणि समोरचा नावे सांगायला टाळाटाळ करू लागला की तोच आपला निर्णय समजावा.

दुसरा वर्ग घरगुती हातांचा. आपल्या मराठी मंडळींच्या ज्या जत्रा शहरात भरतात, त्यांत रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतल्या गृहिणी भरडाच्या वड्या, पुरणपोळी, थालीपीठ, अळूची वडी असे जे घेऊन बसतात, ते इंदूरच्या बाजारात एरवी सहज मिळत नाही. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या घरांच्या आमटीत माळव्याची एक झाक आली आहे, ती आपल्यासारख्या नाशिककरांना चाखण्याजोगी वाटेल. अशा जत्रेत प्रवेशाचे पैसे द्यावे लागले तरी मला ते कधी सलले नाहीत, आणि एखादी काकू वाढता वाढता कृतीही सांगून टाकते, हा वरचा लाभ.

आता कुपनांविषयी, कारण बहुतेकांचा हिरमोड तिथेच होतो. कुपने ५० च्या पटीत आणि पदार्थ १२० किंवा १३० रुपयांचा, अशी रचना असली की सुटे परत मिळत नाहीत आणि प्रत्येक खरेदीत वीस-तीस रुपये गळतात. त्याऐवजी पैसे भरून घेण्याचे कार्ड किंवा मनगटपट्टी असेल, तर गळती होत नाही. पण उरलेली शिल्लक परत मिळते का, कुठे आणि किती वाजेपर्यंत, हे आत शिरतानाच विचारावे. एका महोत्सवात परतीची खिडकी जाहीर वेळेच्या बरीच आधी बंद झालेली मी पाहिली आहे, आणि मग उरलेल्या कुपनांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन लोक त्या गाडीच्या डिकीत भरत होते. म्हणून सुरुवातीला लागतील त्याहून थोडी कमीच कुपने घ्यावीत आणि पुन्हा रांगेत उभे राहण्याचा कंटाळा सोसावा. तिकिटात ‘वाटेल तेवढे खा’ अशी योजना असेल, तर दाल-बाफल्यापासून आरंभ करू नये. बाफला आधी पाण्यात उकळून मग भाजलेला आणि तुपात बुडवलेला असतो. एक खाल्ला की पुढच्या चार स्टॉलांकडे बघवत नाही, आणि आयोजक तो फाटकाजवळ का मांडतात हे मी सांगायला नको.

सासूबाईंचा विचार मी वेगळा करतो. सराफा रात्री रंगतो, तिथे बसायला जागा जवळपास नसते आणि गर्दीत खांद्याला खांदा लागतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेणे अवघड आहे. मैदानावर खुर्च्या, स्वच्छतागृह आणि सपाट वाट असेल, तर त्यांच्यापुरते तिकीट रास्त ठरते. मात्र हे गृहीत धरू नये. कित्येक ठिकाणी खुर्च्या फक्त मंचासमोर असतात आणि खाणाऱ्यांसाठी उंच गोल टेबले, ज्यांच्याभोवती उभे राहूनच खावे लागते. मुलासाठी अर्धे तिकीट आहे का, किंवा कोणत्या वयापर्यंत प्रवेश विनामूल्य आहे, हेही विचारावे. आठ वर्षांचा मुलगा २५० रुपयांचे खाणार नाही. तो फार तर एक आइस्क्रीम आणि तळलेले बटाटे खाऊन झोपाळ्याकडे धावेल, आणि झोपाळ्याचे पैसे निराळे.

जायचे ठरलेच, तर शुक्रवारी जावे आणि फाटक उघडता उघडता जावे. शनिवारी रात्री मंचावर गायक असतो. तिकिटाचा मोठा भाग त्याच्या मानधनात जातो, आणि गाणे थांबले की सगळे मैदान एकदम स्टॉलांवर कोसळते. एक स्टॉल मिनिटाला एक प्लेट देत असेल तर तासाला साठच प्लेट निघतात, त्यामुळे चाळीस माणसांच्या रांगेत शेवटच्याला चाळीस मिनिटे उभे राहावे लागते. आपल्याला गाणे ऐकायचेच असेल तर प्रश्न निराळा. मग तो मैफलीचा खर्च समजावा आणि जेवण वरकड मानावे. रविवारी रात्री उशिरा मात्र जाऊ नये, कारण चांगल्या स्टॉलांवरचे सामान तोवर संपलेले असते.

स्वच्छतेबद्दल इंदूरकर जरा चढ्या नाकाने बोलतात. २०१७ ते २०२३ या काळातल्या सर्वेक्षणांत देशातल्या स्वच्छ शहरांत सलग पहिला क्रमांक मिळवल्याने तो अधिकार आम्हाला मिळाला आहे, अशी आमची समजूत आहे. तरीही तात्पुरत्या स्टॉलवर दोन गोष्टी पाहाव्यात : खाद्य परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला आहे का, आणि तळणीचे तेल कोणत्या रंगाचे आहे. तेल काळसर होऊन धूर सोडत असेल किंवा त्यावर फेस टिकत असेल, तर पदार्थ कितीही नावाजलेला असो, पुढे जावे. सासूबाईंना आणि मुलाला पाणीपुरी, चटण्या आणि बर्फ घातलेली पेये देऊ नयेत. गरम, डोळ्यांसमोर तळलेले किंवा भाजलेले तेवढे द्यावे.

तिकीट काढण्यापूर्वी त्याच्या अटी वाचाव्यात, विशेषतः पावसामुळे किंवा परवानगीअभावी कार्यक्रम रद्द झाल्यास पैसे परत मिळण्याची अट. पैसे भरल्याचा संदेश, तिकीट आणि जाहिरातीचे चित्र जपून ठेवावे, कारण जाहिरातीत छापलेले स्टॉल किंवा सोयी प्रत्यक्षात नसतील तर तक्रारीला तोच पुरावा असतो. आयोजकांनी दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीची फी लागत नाही. दोन हजारांसाठी आयोगापर्यंत कोणी जात नाही हे खरे, पण लेखी ईमेलमध्ये १९१५ चा उल्लेख केल्यावर आयोजकांच्या कचेरीतून उत्तरे लवकर येऊ लागतात, असा माझा अनुभव आहे.